वृषणातील गाठ आणि तपासणी-अहवालांचे वाचन

आंघोळ करताना एखाद्या दिवशी वृषणावर कडक, खड्यासारखे काही हाताला लागते. दुखत नाही, म्हणून बहुतेक मुले ते कोणाला सांगत नाहीत. शिवाय जागा अशी की घरी सांगायचे कसे, हाही प्रश्न असतो. या आजारात सर्वांत जास्त नुकसान या गप्प राहण्यानेच होते. वृषणाचा कर्करोग विरळ आहे, भारतात तर अधिकच. पण तो प्रामुख्याने १५ ते ४० या वयात, म्हणजे तुमच्याच वयात होतो.

अर्थात तिथली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. वृषणाभोवती पाणी साठून हायड्रोसील होते, शिरा फुगून व्हेरिकोसील होते, वृषणामागच्या नलिकांच्या जुडग्यात जंतुसंसर्गाने सूज येते. मात्र अचानक असह्य कळ आली तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा साधारण ६ तासांत शस्त्रक्रिया व्हावी लागते, म्हणून सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.

डॉक्टर हाताने तपासतात आणि सोनोग्राफी सांगतात. तिच्या अहवालात आपण एकच गोष्ट आधी शोधायची: गाठ वृषणाच्या आत आहे की बाहेर, आणि ती भरीव आहे की पाण्याची? बाहेरची गाठ बहुधा निरुपद्रवी असते. आतली भरीव गाठ मात्र, वेगळे सिद्ध होईपर्यंत, कर्करोगच मानली जाते.

मग सुई घालून तुकडा का काढत नाहीत, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. उत्तर गर्भावस्थेत आहे. वृषण पोटात, मूत्रपिंडांजवळ तयार होते आणि नंतर खाली उतरते. म्हणून त्याच्या लसिकावाहिन्या पोटाच्या मागच्या भागात जातात. वरच्या त्वचेच्या वाहिन्या मात्र जांघेत जातात. त्वचेतून सुई घातली तर पेशींना ही दुसरी वाट खुली होण्याचा धोका असतो. म्हणून जांघेतून छेद घेऊन पूर्ण वृषण काढतात आणि तेच पॅथॉलॉजी विभागाकडे जाते. उरलेले वृषण निरोगी असेल तर संप्रेरके आणि अपत्यप्राप्ती यांसाठी ते सहसा पुरते. तरीही उपचारांपूर्वी वीर्य गोठवून ठेवण्याविषयी विचारावे. लाजून हा प्रश्न राहून जातो आणि नंतर उशीर होतो.

शस्त्रक्रियेच्या आधी रक्तातील तीन ‘ट्यूमर मार्कर’ तपासतात: एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच. एएफपी हे एरवी गर्भाच्या शरीरात बनणारे प्रथिन; बीटा-एचसीजी म्हणजे गरोदरपणाच्या चाचणीत शोधतात तेच संप्रेरक. गाठीतील पेशी मूळ जननपेशींपासून आलेल्या असल्याने त्या असे पदार्थ बनवू शकतात. ‘शकतात’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तिन्ही आकडे सामान्य असूनही कर्करोग असू शकतो. उलट यकृताच्या आजारात एएफपी वाढते, आणि एलडीएच तर कितीतरी कारणांनी. शुद्ध सेमिनोमा या प्रकारात एएफपी वाढत नाही. म्हणून पॅथॉलॉजीत ‘सेमिनोमा’ आले पण एएफपी स्पष्ट वाढलेले असेल आणि त्याला दुसरे कारण सापडत नसेल, तर गाठीत दुसरा प्रकारही मिसळलेला आहे असे धरून उपचार ठरतात.

शस्त्रक्रियेनंतरचा अहवाल वाचताना सर्वांची गल्लत होते. एएफपीचा अर्धायुकाल सुमारे ५ ते ७ दिवस, बीटा-एचसीजीचा सुमारे १ ते दीड दिवस. समजा, शस्त्रक्रियेपूर्वी एएफपी ८०० होते आणि अर्धायुकाल ६ दिवस धरला. मग सहाव्या दिवशी ४००, बाराव्या दिवशी २००, अठराव्या दिवशी १००, चोविसाव्या दिवशी ५० अपेक्षित. चोविसाव्या दिवशी अहवालात ५० आले तर प्रयोगशाळा तो आकडा ठळक छापून ‘वाढलेले’ असे लिहील, आणि घरात रडारड होईल. प्रत्यक्षात ती चांगली बातमी आहे. त्याच दिवशी ३०० आले तर आकडा निम्म्याहून कमी झाला असला तरी शरीरात कुठेतरी गाठीच्या पेशी शिल्लक असण्याची शक्यता आहे.

तसे निघाले तरी हातपाय गाळायचे कारण नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिनवर आधारित औषधयोजना वापरली, आणि तेव्हापासून पसरलेला आजारही बहुतांशी बरा होऊ लागला. क्रिकेटपटू युवराज सिंग यांच्या छातीतली गाठ याच कुळातली होती. २०१२ मध्ये केमोथेरपी घेऊन ते त्याच वर्षी भारताकडून पुन्हा खेळले.

अहवाल तारखेनुसार एकाच फाइलमध्ये लावा आणि शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करा. प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलीने लिहा: शस्त्रक्रियेनंतरचा कितवा दिवस. डॉक्टरांपुढे तीच फाइल उघडून विचारा, ‘आज किती अपेक्षित होते?’