इंग्रजीतला ‘तू’ कुठे हरवला?

दोस्तांनो, ‘तू’ला इंग्रजीत काय म्हणतात? ‘यू’. आणि ‘तुम्ही’ला? तेही ‘यू’च! धाकटी बहीण असो की शाळेचे हेडमास्तर, सगळ्यांना एकच माप. मग इंग्रजांना अरे-तुरे आणि अहो-जाहो ठाऊकच नव्हतं का? होतं तर! अगदी आपल्यासारखं होतं.

जुन्या इंग्रजीत एका माणसाला ‘दाऊ’ म्हणत. स्पेलिंग टी-एच-ओ-यू. समोर अनेक जण असले, की ‘यी’ किंवा ‘यू’. हा ‘दाऊ’ म्हणजे आपल्या ‘तू’चा लांबचा भाऊ! संस्कृत ‘त्वम्’, लॅटिन ‘तू’, मराठी ‘तू’ आणि इंग्रजी ‘दाऊ’ ही सारी एकाच कुळातली भावंडं. मूळच्या ‘त’चा इंग्रजीत ‘टी-एच’ झाला. पटत नाही? ‘त्रि’ आणि ‘थ्री’, ‘तृषा’ आणि ‘थर्स्ट’ या जोड्या शेजारी शेजारी लिहून बघा.

इ. स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच भाषा आली. फ्रेंच लोक मोठ्या माणसाला, तो एकटा असला तरी, अनेकवचनात संबोधत. पुढे इंग्रजांनीही ती रीत उचलली. राजाला, मालकाला ‘यू’; मुलांना, नोकरांना आणि जिवलग मित्राला ‘दाऊ’.

हा फरक किती झोंबायचा, ते ऐका. १६०३ साली सर वॉल्टर रॅले या नामवंत दर्यावर्दी सरदारावर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी वकील होते एडवर्ड कोक. भर न्यायालयात त्यांनी रॅलेला मुद्दाम ‘दाऊ’ म्हटलं. एका सरदाराला अरे-तुरे! आरोपाइतकाच हा अपमानही जिव्हारी लागावा, असा त्यांचा बेत होता.

याच शतकात जॉर्ज फॉक्स नावाच्या धर्मोपदेशकाने मात्र उलट वाट धरली. ‘देवापुढे सगळी माणसं सारखी, मग श्रीमंताला वेगळा शब्द कशाला?’ असा त्याचा सवाल. त्याचे अनुयायी, म्हणजे क्वेकर पंथाचे लोक, न्यायाधीशालाही ‘दाऊ’च म्हणत. त्यापायी त्यांनी शिव्या खाल्ल्या, मारही खाल्ला; पण शब्द सोडला नाही.

मग ‘दाऊ’ गेला कुठे? समोरच्याला चुकून राग यायला नको, म्हणून लोक ज्याला त्याला ‘यू’ म्हणू लागले. १७०० च्या सुमारास शहरांतल्या बोलण्यातून ‘दाऊ’ जवळजवळ नाहीसा झाला. यॉर्कशायरसारख्या भागांतल्या बोलींत तेवढा तो टिकला. पण १६११ साली निघालेल्या इंग्रजी बायबलमध्ये आणि प्रार्थनांमध्ये तो राहिला होता. देवाशी बोलताना तोच कानावर पडायचा, त्यामुळे आज अनेकांना तो फार भारदस्त शब्द वाटतो. खरं तर तो घरचा शब्द! आपण नाही का आईला आणि विठोबाला ‘तू’ म्हणत? त्यात अनादर थोडाच असतो?

तेव्हा शेक्सपिअरचं एखादं नाटक हाती आलं, तर घाबरू नका. ‘दाऊ’ म्हणजे तू, ‘दी’ म्हणजे तुला, ‘दाय’ म्हणजे तुझा. आणि ‘दाऊ आर्ट’ म्हणजे तू आहेस. इथे ‘आर्ट’चा चित्रकलेशी काही संबंध नाही! कोण कुणाला ‘दाऊ’ म्हणतंय आणि ‘यू’वरून ‘दाऊ’वर कधी घसरतंय, तेवढं टिपा. कोण रागावलंय आणि कोण लाडात आलंय, ते आपोआप कळेल.

आणि तो जुना ‘यी’? तो तर तुमच्या तोंडी रोज असतो! ‘गॉड बी विथ यी’, म्हणजे ‘देव तुमच्या पाठीशी असो’. हे वाक्य घाईघाईत बोलता बोलता झिजलं आणि त्याचा झाला एक छोटासा शब्द.

कोणता, ओळखलात? बरोबर! तर मग दोस्तांनो, गुड बाय!