मोबाईलला जोडायचा थर्मल कॅमेरा घेताना

रात्रीच्या शिकारीसाठी दुर्बिणीपुढे बसवायचे थर्मल यंत्र परदेशात खपते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, तेव्हा त्या जाहिरातींना भुलू नये. मात्र त्याच तंत्राचा छोटा कॅमेरा मोबाईलला जोडता येतो. मनमाडच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याला आणि मालेगावच्या लूमवाल्याला तो खरा कामाचा.

स्टार्टरमधला स्क्रू ढिला झाला की तिथला विद्युतरोध वाढतो, जोड तापतो, आणि सुताची धूळ साचलेल्या कारखान्यात आगीला तेवढे पुरते. तिन्ही फेजवर भार सारखा असून एकच जोड तापलेला दिसला, तर दोष तिथे समजावा. पाहणी लूम चालू असतानाच करावी. थंड मशीन काय सांगणार?

घेताना आधी चित्रबिंदू विचारा. ८० बाय ६० मध्ये मोटार दिसेल, स्क्रू दिसणे कठीण. १६० बाय १२० च्या खाली जाऊ नये; २५६ बाय १९२ मिळाला तर उत्तम. फोनची पिन जुळते का, दुकानातच जोडून पाहा.

काचेपलीकडचे यात दिसत नाही. चकचकीत तांबेही फसवते, तापलेले असून थंड दाखवते. त्यावर काळी टेप चिकटवून मोजावे. टेप अर्थातच मेन स्विच बंद करून लावावी.