अवघड ओळीपाशी थांबणारे वाचक

धारच्या भोजराजाने पतंजलीच्या योगसूत्रांवर ‘राजमार्तंड’ नावाची वृत्ती लिहिली. तिच्या प्रारंभीच त्याने आधीच्या टीकाकारांची हजेरी घेतली आहे. त्याची तक्रार अशी, की जिथे खरोखर अडते तिथे ही मंडळी ‘अर्थ स्पष्टच आहे’ म्हणत पुढे सरकतात. जिथे काही अडत नाही तिथे मात्र समास सोडवत बसतात. भलत्या ठिकाणी भलता विस्तार करतात आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ वाढवून ठेवतात.

तक्रार अकराव्या शतकातली आहे, पण ती कोणत्याही धर्मग्रंथाच्या वाचनाला लागू पडते. बायबलच्या बाबतीत तर विशेषच. प्रेमाची, सांत्वनाची वचने भिंतीवर लागतात, कॅलेंडरवर छापली जातात. वंशावळ्या, युद्धे, नरकाचे इशारे आणि एकमेकांशी न जुळणारे तपशील यांच्यावरून बोट घाईने पुढे जाते. बायबल खोलात वाचायचे म्हणजे आधी ही घाई सोडायची. त्यासाठी लागणारी अवजारे बाहेरूनच आणावी लागतात असेही नाही. आपल्याकडच्या शास्त्राध्ययनात ती तयार होती आणि मराठी माणसांनी ती बायबलवर चालवूनही पाहिली आहेत.

सीहोरचे शास्त्रीबुवा, काशीचे गोऱ्हे

देवासहून भोपाळच्या रस्त्याला लागले की आष्ट्यानंतर सीहोर येते. १८३०च्या दशकात इथे लॅन्सलॉट विल्किन्सन हा कंपनी सरकारचा पोलिटिकल एजंट होता. त्याच्या आश्रयाने चाललेल्या संस्कृत पाठशाळेत सिद्धांत-ज्योतिष आणि कोपर्निकसचे खगोलशास्त्र शेजारी शेजारी ठेवून शिकवले जाई. सुबाजी बापू हे तिथले मराठी ज्योतिषी. ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा त्यांचा मराठी ग्रंथ याच मंथनातून आला.

१८३९ साली जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ हे संस्कृत पुस्तक प्रसिद्ध केले. गुरुशिष्य-संवादाच्या रूपात त्याने ख्रिस्ती मताची बाजू मांडली होती. त्याला पंडितांकडून संस्कृतातच तीन उत्तरे आली. पहिले सोमनाथ या नावाने त्याच वर्षी आले. हे सोमनाथ म्हणजे सुबाजी बापूच, असे अभ्यासक मानतात. दुसरे हरचंद्र तर्कपंचानन या बंगाली पंडिताचे. तिसरे, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’, काशीच्या नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनी १८४४-४५च्या सुमारास लिहिले. तिघांपैकी दोघे मराठी होते आणि दोघेही महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या विद्येचे प्रतिनिधी होते.

सोमनाथांचा सूर समजुतीचा आहे. निरनिराळ्या लोकांना ईश्वरानेच निरनिराळे मार्ग दिले आहेत, तेव्हा दुसऱ्याचा मार्ग खोडण्याचे कारण नाही, अशी त्यांची भूमिका. गोऱ्हे तेव्हा विशीतले होते आणि त्यांची लेखणी धारदार होती. मर्यादित आयुष्यातल्या पापाला अनंतकाळची शिक्षा हा न्याय कसा? ज्यांनी अजून काहीच केलेले नाही अशा जिवांच्या वाट्याला दुःख का? पूर्वजन्म न मानता याचे उत्तर काय देणार? बायबलच्या भाविक वाचकालाही टाळता येऊ नयेत असे हे प्रश्न आहेत.

गोऱ्हे यांचे वाचन तिथे थांबले नाही. बायबल खोडून काढायचे म्हणून ते वाचत गेले, मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनापाशी अडखळले आणि १८४८ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे नेहम्या गोऱ्हे म्हणून ते ओळखले गेले. त्यांच्या धर्मांतराबद्दल कोणाचे काहीही मत असो, त्यांच्या वाचनाची शिस्त पाहण्यासारखी आहे. पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, पुरता, त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडल्याशिवाय उत्तरपक्षाकडे जायचे नाही, ही शास्त्रार्थाची अट त्यांनी आयुष्यभर पाळली. १८६०च्या ‘षड्दर्शनदर्पणा’त तीच अट हिंदू दर्शनांच्या परीक्षेला लावलेली दिसते.

सहा खुणा आणि एक गोष्ट

ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी मीमांसक आणि वेदान्ती सहा खुणा सांगतात: उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. यांतला ‘अभ्यास’ म्हणजे पुनरुक्ती. या खुणा लूकच्या दहाव्या अध्यायातल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीला लावून पाहू. गोष्ट इतकी परिचित आहे, की ती वाचायची राहूनच जाते.

यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एका माणसाला अर्धमेला करून टाकले आहे. याजक येतो, बगल देऊन जातो. लेवी येतो, तोही तसाच जातो. शोमरोनी थांबतो, जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेतो. अडल्यानडल्याला मदत करावी, हे तात्पर्य कोणीही सांगेल.

आता उपक्रम आणि उपसंहार जुळवू. गोष्ट निघते ती एका शास्त्र्याच्या प्रश्नातून: माझा शेजारी कोण? म्हणजे मी कोणावर प्रेम करणे लागतो आणि कोणापाशी माझे कर्तव्य संपते? शेवटी येशू प्रश्न परत करतो तेव्हा त्याचे तोंडच फिरलेले असते: या तिघांपैकी त्या माणसाचा शेजारी कोण झाला? शास्त्री यादी मागत होता. त्याच्या हाती यादी पडत नाही, त्याला स्वतःलाच शेजारी व्हायला सांगितले जाते. सुरुवात आणि शेवट शेजारी ठेवले नाहीत तर हा पालट निसटतो.

अभ्यास पाहू. सार्वकालिक जीवनासाठी काय करावे, असे शास्त्री विचारतो. नियमशास्त्रातले उत्तर तो स्वतःच देतो तेव्हा येशू म्हणतो, तसे कर. शेवटी ज्याने दया केली तो शेजारी, असे शास्त्री कबूल करतो आणि येशू पुन्हा तूही तसेच कर म्हणून सांगतो. मूळ ग्रीकमध्ये चारही ठिकाणी ‘करणे’ या अर्थाचे एकच क्रियापद आहे. चर्चा जाणण्याची वाटते, पण प्रसंग ‘करण्या’भोवती फिरतो. फलाची खूणही इथेच सापडते. शास्त्री ज्या जीवनाची अपेक्षा धरून आला होता, त्याची वाट या करण्यातून जाते.

अपूर्वता म्हणजे दुसरीकडून न कळणारी नवी गोष्ट. याजक, लेवी यांच्यानंतर ऐकणाऱ्याला साधा यहुदी गृहस्थ अपेक्षित असावा. येतो तो शोमरोनी, ज्याच्याशी यहुद्यांचे वैर. एकच अध्याय मागे गेलो तर शोमरोन्यांच्या एका गावाने येशूलाच उतरायला जागा नाकारलेली आहे. शिष्य त्यावर आकाशातून अग्नी मागायला निघाले होते आणि येशूने त्यांना दटावले होते. त्या प्रसंगाशेजारी ठेवली की दहाव्या अध्यायातली गोष्ट अधिक झोंबते.

उपपत्ती म्हणजे युक्तीचा आधार. बायबलचे अभ्यासक तो अनेकदा बायबलच्याच इतर भागांत शोधतात. शास्त्र्याचे उत्तर अनुवाद ६ आणि लेवीय १९ या अध्यायांतून आले आहे. लेवीयाच्या त्याच अध्यायात पुढे परदेशीयावरही स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आहे. याहून चकित करणारा धागा दुसऱ्या इतिहासाच्या २८व्या अध्यायात सापडतो. तिथे शोमरोनात आणलेल्या यहूदी कैद्यांना तिथलीच माणसे कपडे देतात, खाऊपिऊ घालतात, तेल लावतात, थकलेल्यांना गाढवांवर बसवतात आणि यरीहोला पोचवून येतात. तेल, जनावर, यरीहो, शोमरोन हे सारे येशूच्या गोष्टीत पुन्हा भेटते. शास्त्र जाणणाऱ्या श्रोत्याला ही जुनी कथा आठवली असण्याचा संभव दांडगा आहे.

राहिला अर्थवाद, म्हणजे मुख्य विधानाला उठाव देणारा मजकूर. इथे मोठमोठे वाचकही घसरले. संत ऑगस्टीनने जखमी म्हणजे आदाम, लुटारू म्हणजे सैतान आणि त्याचे दूत, उतारशाळा म्हणजे ख्रिस्तमंडळी, तिचा रखवालदार म्हणजे पौल, असे रूपक लावले. श्रद्धेला ते गोड वाटते, पण मग शास्त्र्याच्या प्रश्नाचे काय झाले? उतारशाळेचे भाडे आणि तेल-द्राक्षारस हे तपशील त्या माणसाच्या करण्याला वजन देतात. ते सुटे काढून प्रत्येकाला वेगळा अर्थ चिकटवला की गोष्ट हातातून जाते.

केडगावची हिब्रू

या सगळ्याला पाया लागतो तो मूळ भाषेचा. बंगालातल्या श्रीरामपूरला वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने विल्यम केरीने मराठी नवा करार १८११ मध्ये छापला. त्यानंतर भाषांतरे सुधारत गेली. बेळगावचे बाबा पदमनजी यांनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. पण मुळापर्यंत जाण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न पंडिता रमाबाईंचा. इंग्लंडात धर्मविषयक शंकांनी त्यांना घेरले होते तेव्हा नेहम्या गोऱ्हे यांच्या पत्रांचा त्यांना उपयोग झाला होता. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सामान्य बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत अखंड बायबलचे भाषांतर करायला बसल्या. सदनातल्या स्त्रिया छापखान्यात खिळे जुळवत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. त्यांचे बायबल १९२४ साली छापून पूर्ण झाले.

पुराणिकाच्या या मुलीने पुराण लहानपणी तोंडपाठ केले होते. पाठांतर आणि समज यांतले अंतर त्यांना वेगळे शिकवावे लागले नाही. म्हणून अर्थ सांगणाऱ्या माणसावर अवलंबून न राहता वाचणारीच्या हाती मजकूर देणे, ही त्यांची अभ्यासपद्धती ठरली.

प्रत्येकाला हिब्रू शिकणे जमणार नाही. धार-देवासच्या मराठी घरांना मात्र एक सोय आपसूक मिळालेली आहे. पवारांच्या या राजधान्यांत घरात मराठी आणि बाजारात हिंदी असा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. अशा वाचकाने एकच अध्याय मराठीत आणि हिंदीत ओळीला ओळ लावून वाचावा. जिथे दोन भाषांतरे वेगळ्या वाटेने जातात, तिथे मूळ मजकूर अवघड आहे असे बहुधा समजावे. अभ्यास तिथून सुरू करावा.

पद्धत निकाल ठरवून देत नाही, हे शेवटी सांगितले पाहिजे. एकाच शास्त्रपरंपरेत तयार झालेले सोमनाथ आपल्या मार्गावर राहिले आणि गोऱ्हे दुसऱ्या मार्गाने गेले. दोघांनीही समोरचा ग्रंथ उत्तर देण्याच्या लायकीचा मानला. अनंतकाळच्या शिक्षेविषयी तरुण गोऱ्ह्यांनी विचारलेल्या प्रश्नावर ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञांचे आजही एकमत नाही. बायबल-अभ्यासाच्या एखाद्या मंडळाला नव्या वर्षासाठी विषय हवा असेल, तर सोप्या वचनांऐवजी हाच प्रश्न घ्यावा आणि पूर्वपक्ष गोऱ्ह्यांइतक्याच ताकदीने मांडावा.