सांभर : वाळवंटाच्या उंबरठ्यावरचे मिठाचे सरोवर

जयपूरच्या नैर्ऋत्येला सुमारे ८० किलोमीटरवर, अरवलीच्या विरळ टेकड्या आणि थरचे वाळवंट यांच्या मधल्या रुक्ष पट्ट्यात सांभर हे गाव आहे. त्याला लागूनच देशातले सर्वांत मोठे अंतर्गत खाऱ्या पाण्याचे सरोवर पसरले आहे. सरोवराची लांबी ३५ किलोमीटरच्या आसपास असून रुंदी काही ठिकाणी जेमतेम तीन, तर काही ठिकाणी अकरा किलोमीटर भरते. मेंढा, रूपनगढ अशा पावसाळी नद्या त्याला पाणी पुरवतात. पाणी बाहेर पडायला मात्र वाट नाही. पावसानंतरही खोली फार तर तीन मीटर असते आणि उन्हाळ्यात बहुतेक पात्र कोरडे पडून वर पांढरी साय धरते.

या मिठाची जन्मकथा शाकंभरी देवीशी जोडलेली आहे. चौहानांची ही कुलदेवता. तिने प्रसन्न होऊन इथले रान चांदीचे केले. पण चांदीपायी भांडणे होतील या भीतीने लोकांनी वर परत घ्यायची विनवणी केली आणि देवीने चांदीचे मीठ केले, असे सांगतात. तळ्यात शिरलेल्या खडकाळ टेकडीवर तिचे देऊळ आहे. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’मुळे मराठी वाचकांना जवळच्या झालेल्या देवयानी-शर्मिष्ठेची कथाही इथलीच मानतात. गावातल्या घाटबांधणीच्या देवयानी कुंडाभोवती देवळांची रांग आहे.

शास्त्रज्ञांनाही हे मीठ आले कुठून, हा प्रश्न पडला. कच्छच्या रणातले मीठ उन्हाळी वाऱ्यांबरोबर इथवर येते, असा सिद्धांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुढे आला. १९५२ मध्ये प्रा. न. ना. गोडबोले यांनीही राजपुताना वाळवंटावरील परिसंवादात या प्रश्नाची चर्चा केली होती.

संस्थानी काळात सरोवरावर जयपूर आणि जोधपूर या दोन्ही राज्यांचा हक्क होता. १८७० मध्ये ब्रिटिशांनी ते भाडेपट्ट्याने घेतले. आज सांभर सॉल्ट्स लिमिटेड ही सरकारी कंपनी इथे मीठ पिकवते. सुमारे पाच किलोमीटर लांबीचा दगडी बांध सरोवराचे दोन भाग करतो. पश्चिमेकडच्या मोठ्या भागात पाणी पुरेसे खारट झाले की ते पूर्वेकडे घेतात आणि तिथून पाटांनी ‘क्यार’ म्हणजे मिठागराच्या वाफ्यांत सोडतात. ऊन तापते तसे पाणी गुलाबी, मग गडद लाल होते. हा रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीव आणि शेवाळाचा. पाणी आटत जाते तशी तळाशी स्फटिकांची खरखरीत खपली धरते. कामगार ती फावड्याने मोकळी करून ढीग लावतात. मीठ वाहण्यासाठी वाफ्यांच्या कडेने अरुंद रूळ टाकलेले आहेत.

याच खारट पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळावर रोहित पक्षी जगतात. चांगला पाऊस झालेल्या वर्षी हिवाळ्यात मोठ्या आणि लहान रोहितांचे थवे उथळ पाण्यात माना खाली घालून, चोचीने पाणी गाळत चरताना दिसतात. १९९० मध्ये सरोवराचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समावेश झाला. मात्र नोव्हेंबर २०१९ मध्ये इथेच हजारो स्थलांतरित पक्षी मेले. बॉट्युलिझम या जिवाणूजन्य विषबाधेने ते दगावल्याचे तपासणीत निष्पन्न झाले.

सरोवरापुढचे दुखणे त्याहून जुने आहे. नद्यांच्या वाटेवर जागोजागी बंधारे झाले, त्यामुळे पात्रात पोचणारे पाणी घटले. त्यातच बेकायदा कूपनलिकांनी जमिनीखालचे खारे पाणी उपसले जाते. मीठ आणि पक्षी या दोघांचाही आधार एकच आहे : पावसाळ्यात वाहून येणारे पाणी.

सांभर पाहायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. फुलेरा हे मोठे रेल्वे जंक्शन जवळच आहे आणि जयपूरहून मोटारीने एका दिवसात जाऊन येता येते. पक्षी पाहायचे असतील तर दुर्बीण न्यावी आणि सकाळी लवकर पोचावे. कोरड्या दिसणाऱ्या पात्रात गाडी मात्र घालू नये. वरच्या पांढऱ्या खपलीखाली बहुधा चिखल असतो. गाडी त्यात रुतते आणि चाकांनी मोडलेला तो थर पुन्हा धरायला पुढच्या पावसाची वाट पाहावी लागते.