पुस्तकदान : कपाटातून योग्य हाती

ज्या बचत खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने एकही व्यवहार केलेला नसतो, त्यास बँकेच्या परिभाषेत निष्क्रिय खाते म्हणतात. रक्कम सुरक्षित असते, परंतु खातेदाराच्या संसारात तिचा काहीच उपयोग होत नाही. सुखवस्तू घरांतील असंख्य पुस्तकांची अवस्था अशीच आहे. मुले शिकून नोकरीनिमित्त परगावी जातात आणि त्यांची अकरावी-बारावीची पुस्तके, गोष्टींची पुस्तके, शब्दकोश माळ्यावर पडून राहतात. काही वर्षांनी कसर आणि वाळवी आपले काम करतात. उरलेला भाग रद्दीच्या तराजूत जातो.

या पुस्तकांची निकड नेमकी कोणाला आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे. शासकीय व अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तके विनामूल्य मिळतात. त्यामुळे त्या इयत्तांची जुनी पाठ्यपुस्तके गोळा करून फारसे काही साधत नाही. खरी अडचण नववीपासून सुरू होते. शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण सहा ते चौदा या वयोगटापुरते आहे. त्यानंतरचा खर्च पालकांच्या शिरावर येतो. नेमक्या याच वळणावर हातावर पोट असलेल्या कुटुंबात मुलाला, आणि विशेषतः मुलीला, पुढे शिकवावे की कामाला लावावे, हा विचार सुरू होतो. विज्ञान शाखेची पाठ्यपुस्तके, मार्गदर्शके व प्रवेशपरीक्षांचे प्रश्नसंच यांचा खर्च एकत्र केला, तर तो मजुरीच्या अनेक दिवसांची कमाई गिळतो. अशा वेळी सुस्थितीतील एक जुना संच कुटुंबाचा निर्णय बदलू शकतो.

दुसरी उणीव अवांतर वाचनाची. अक्षरओळख झालेल्या मुलाला पाठ्यपुस्तकाखेरीज वाचावयास काहीच मिळाले नाही, तर वाचनाचा सराव तुटतो. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतील ऊसतोड मजुरांची मुले गळीत हंगामात आईवडिलांसमवेत कारखान्यांच्या परिसरात येतात आणि हंगाम संपेपर्यंत फडालगतच्या कोप्यांत राहतात. काहींच्या वाट्याला साखरशाळा येते, अनेकांच्या वाट्याला तीही नाही. त्या महिन्यांत गोष्टींची दहा-बारा पुस्तके हाती असणे, म्हणजे शिकलेले विसरून न जाणे होय.

जैन परंपरेत आहारदान, औषधदान, अभयदान यांच्या बरोबरीने शास्त्रदानाची, अर्थात ज्ञानदानाची थोरवी सांगितली आहे. दहाव्या शतकात चालुक्यांच्या राज्यात होऊन गेलेल्या अत्तिमब्बे या श्राविकेने महाकवी पोन्नाच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती लिहवून घेऊन वाटल्या, अशी कीर्ती आहे. मुद्रणकला नसलेल्या त्या काळी ताडपत्रावर एकेक प्रत हाताने लिहावी लागे. आज पुस्तक छापलेले, विकत घेतलेले आणि वाचून झालेले आहे. ते पोहोचविण्याचे श्रम तेवढे बाकी आहेत.

मात्र दान करताना वस्तू, पात्र आणि काळ या तिन्हींचा विवेक हवा. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी दोन सूत्रांचा आशय, वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, असा आहे. पुस्तकदानाची ही उत्तम कसोटी ठरते.

प्रथम वस्तूचा विचार. जे पुस्तक स्वतःच्या नातवंडाच्या हाती देताना संकोच वाटेल, ते दानाच्या पेटीत घालू नये. पाने सुटलेली, उत्तरे आधीच लिहून भरलेली स्वाध्यायपुस्तिका मुलाला शिकवीत नाही. त्याला त्याच्या गरिबीची जाणीव तेवढी करून देते. पाठ्यपुस्तक देण्यापूर्वी अभ्यासक्रम बदललेला नाही ना, हे आतील पानावरील आवृत्तीवरून पाहून घ्यावे. कथा, चरित्रे, शब्दकोश, नकाशासंग्रह यांना मात्र अशी मुदत नसते. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली; ती आजही वाचली जाते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक हे कोणत्याही शाळेत आनंदाने हाताळले जातील.

पात्राचा विचार करताना मधली कडी म्हणून शिक्षक वा ग्रंथपालाइतकी योग्य व्यक्ती दुसरी नाही. कोणत्या मुलाला कोणत्या विषयाचे पुस्तक हवे, याची यादी आधी त्यांच्याकडून मागवावी आणि त्यानुसारच पुस्तके द्यावीत. काळाचे म्हणाल, तर दहावी-बारावीची परीक्षा संपताच एप्रिल-मे महिन्यांत पुस्तके गोळा करून शाळा-महाविद्यालये सुरू होण्यापूर्वी ती पोहोचली पाहिजेत. ऑगस्टमध्ये मिळालेला संच तोपर्यंतची ओढाताण भरून काढू शकत नाही.

शेवटी रीतीचा प्रश्न उरतो. कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. तरीही कर्मवीरांनी मुलांना याचक होऊ दिले नाही. ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग देऊन त्यांनी मुलांचा स्वाभिमान जपला. तोच धडा येथेही लागू पडतो. पुस्तक घेणाऱ्या मुलाला दात्यासमवेत रांगेत उभे करून छायाचित्र काढू नये. पुस्तकाला स्वच्छ वेष्टन घालून, पहिले पान मुलाने स्वतःचे नाव लिहावे म्हणून मोकळे ठेवावे. वर्षाअखेरीस त्यानेच ते पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावे. अशा रीतीने आज घेणारा उद्या देणारा होतो.

दशलक्षण पर्वात उत्तम त्यागाचे चिंतन घरोघरी होते. यंदा त्या दिवशी प्रत्येक कुटुंबाने एक कपाट उघडावे, पुस्तके झटकून निवडावीत, जवळच्या शाळेतील शिक्षकांकडून एक यादी आणावी आणि त्या यादीतील निदान पाच पुस्तके योग्य हाती पोहोचवावीत. आपल्या मंडळांनी व महिला मंडळांनी हे काम दरवर्षी वेळेवर करावयाचे ठरविले, तर परिसरातील कोणत्याही मुलीचे शिक्षण केवळ पुस्तकांअभावी थांबणार नाही.