तिफण, वरवंटा आणि नेढं

"पण सर, हा शेतकरी एवढा बावळट कसा?"

दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत बायबलचा वर्ग भरतो. आत्याने ओढून नेलं म्हणून मी गेले, तर पहिल्याच दिवशी हा प्रश्न कानावर पडला. विचारणारे काका नगर जिल्ह्यातले, बाजरी-कांदा करण्यात हयात गेलेले. वाचन चाललं होतं पेरणाऱ्याच्या दाखल्याचं. थोडं बी वाटेवर पडतं, थोडं खडकाळ जागी, थोडं काटेरी झुडपांत आणि राहिलेलं चांगल्या जमिनीत. काकांना ही उधळपट्टी सोसवत नव्हती. "आमच्यात तिफणीवर चाडं असतं, त्यात मूठ सोडायची की बी नळ्यांतून थेट तासात. वाटेवर दाणा सांडला असता तर बापानं कानाखाली जाळ काढला असता."

सर हसले नाहीत. सर म्हणजे धर्मशिक्षणाच्या विद्यालयात ग्रीक शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'लिहिलेलं', उजवीकडे 'आपलं'. मग उजव्या बाजूला पहिला शब्द टाकला: तिफण.

वर्गाची पद्धत ठरलेली आहे. आधी एकाने उतारा मोठ्याने वाचायचा. मग सगळ्यांनी पुस्तकं मिटायची आणि दुसऱ्याने तोच उतारा आपल्या शब्दांत सांगायचा. बाकीच्यांनी कान देऊन ऐकायचं, की सांगणाऱ्याने पदरचं काय घातलं. घातलेलं सगळं उजवीकडे जातं. त्यानंतर पुस्तकं उघडायची, आणि ती एकसारखी नसतात. कोणाकडे बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र', कोणाकडे सोप्या मराठीतली नवी प्रत. एका आजींकडे पंडिता रमाबाईंचं भाषांतर आहे. केडगावात बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी ते केलं. त्या 1922 मध्ये गेल्या आणि पुस्तक 1924 मध्ये निघालं. तिन्ही प्रतींत एखादा शब्द वेगळा निघाला की सर मूळ भाषेचा कोश उघडतात.

त्या दिवशी कोशाची गरज पडली नाही. गालीलात बी मुठीने फेकून पेरत, एवढ्यावर काकांचं निम्मं समाधान झालं. योआखिम येरेमियास नावाच्या जर्मन अभ्यासकाचं म्हणणं सरांनी पुढे ठेवलं: तिथे आधी पेरत आणि मग नांगरत, त्यामुळे लोकांनी तुडवून पाडलेली पायवाटही नांगराखाली जाणारच होती. मग शेतकरी बावळट कुठे राहिला? वर्ग खूश झाला. सरांनी मात्र लगेच यशयाचा अठ्ठाविसावा अध्याय काढायला लावला. तिथला शेतकरी आधी नांगरतो, ढेकळं फोडतो, जमीन सपाट करतो आणि मग बी टाकतो. म्हणजे येरेमियासचं म्हणणं सरसकट खरं धरता येत नाही. "दोन्ही रीती असतील," सर म्हणाले, "पण एक पक्कं. ऐकणाऱ्यांतल्या एकालाही तो माणूस विचित्र वाटला नसणार. तुम्हाला वाटला, कारण तुम्ही तुमची तिफण घेऊन त्या शेतात शिरलात."

बायबल आणि आजचा वाचक यांच्यातल्या अंतरावर पुष्कळ लिहिलं गेलंय, आणि त्यातलं बरंचसं शहरी माणसाला समोर ठेवून आहे. ज्याने मेंढरू पाहिलं नाही, विहिरीवर पाणी भरलं नाही, त्याला तो काळ कळायचा कसा, ही त्या लेखनातली काळजी. आपल्याकडच्या खेड्यातल्या माणसाला अशी काळजी घेऊन कोणी येत नाही. खळं, उफणणी, बैलाला मुसकं न घालणं, धाब्याचं घर, सगळं त्याच्या ओळखीचं. सहा महिने वर्गात बसल्यावर माझं मत असं झालंय की खरी फसगत याच ओळखीत होते. परकं दिसलं की माणूस थांबून विचारतो. ओळखीच्या दारात आपण जोडे काढून सरळ आत शिरतो. मी स्वतः कित्येक वर्षं समजत होते की 1811 साली विल्यम केरींनी मराठी नवा करार छापला तो आमच्या श्रीरामपुरात. ते श्रीरामपूर बंगालमधलं, हुगळीच्या काठचं, हे कळलं तेव्हा मी पस्तिशीची होते.

आत्याची पाळी जात्यावरून आली. 'अनुवाद' या पुस्तकात असा नियम आहे की कर्जापोटी कोणाचं जातं, निदान त्याची वरची तळीसुद्धा, गहाण ठेवून घेऊ नये. घेणारा माणसाचा जीवच गहाण घेत असतो. यावर आत्याला भरतं आलं. पहाटेची घरघर, समोरासमोर बसलेल्या दोघी, एका खुंट्यावर चार हात, आजीच्या ओव्या. तिने सांगितलेलं सगळं सुंदर होतं आणि सगळंच्या सगळं फळ्याच्या उजव्या बाजूला गेलं.

हिब्रूत वरच्या दगडाला 'रेखेव' म्हणतात, सर म्हणाले, म्हणजे स्वार. आत्या म्हणाली, बरोबर, वरची तळी खालच्या तळीवर स्वारच असते. "पण हा स्वार गोल फिरत नाही, आक्का. पुढे-मागे जातो." त्या प्रदेशात गोल फिरणारं जातं रुळलं ते फार उशिरा, ख्रिस्तपूर्व काळाच्या अखेरच्या शतकांत. त्याआधी हजारो वर्षं बाया गुडघ्यांवर बसून, खोलगट लांबट दगडावर दुसरा दगड दोन्ही हातांनी रेटून धान्य दळत. आपल्या घरात त्याच्या जवळचं काही असेल तर तो पाटा-वरवंटा. मग सरांनी 'शास्ते' उघडायला सांगितलं. तेबेसच्या बुरुजावरून एक बाई अबीमलेखाच्या डोक्यात हाच वरचा दगड घालते आणि त्याची कवटी फुटते. काका पुटपुटले, "तरीच. मी म्हणायचो, जात्याची तळी उचलून टाकणारी बाई म्हणजे पैलवानच असणार. वरवंटा कोणीपण फेकेल."

आत्या गप्प होती. घरी येताना रिक्षात म्हणाली, "म्हणजे त्या एकट्याच दळायच्या. गुडघ्यांवर." थोड्या वेळाने आणखी म्हणाली, "मग ओव्या कोणाला ऐकवायच्या?" पुढे मत्तयाच्या शुभवर्तमानात दोघी एकत्र दळताना येतात तेव्हा ते फिरतं जातं धरायला हरकत नाही, असं सरांनी पुढच्या गुरुवारी मुद्दाम सांगितलं. आत्याचा चेहरा तेव्हा कुठे उजळला.

डिसेंबरात वर्ग भांडणावर आला. लूकचा दुसरा अध्याय होता आणि पुस्तकं मिटून सांगायची पाळी एका कॉलेजातल्या मुलीची. तिने सांगितलं: योसेफ आणि मरीया गाढवावरून बेथलेहेमला आली, रात्र झाली होती, कळा सुरू झाल्या होत्या, उतारशाळेच्या मालकाने दार लावून घेतलं, मग गावाबाहेरच्या गोठ्यात बाळ जन्मलं. उजवी बाजू भरून गेली. लूककडे गाढव नाही. आल्या रात्रीच प्रसूती झाली असंही नाही; ती दोघं तिथे असताना दिवस भरले, एवढंच आहे. गोठा शब्दाने आलेला नाही, गव्हाण आलेली आहे. आणि उतारशाळेचा मालक? हा माणूस लूकमध्ये नाहीच. आमच्या चर्चमध्ये नाताळच्या नाटिकेत ही भूमिका मिळावी म्हणून पोरं रुसतात. कंदील, फेटा, "जागा नाही!" असं ओरडणं आणि हमखास हशा.

'उतारशाळा' हा शब्द मात्र मराठी प्रतीत छापलेला आहे. मूळचा ग्रीक शब्द 'कताल्युमा'. लूक तो पुन्हा एकदा वापरतो, येशूचं शिष्यांबरोबरचं अखेरचं भोजन जिथे झालं त्या खोलीसाठी, म्हणजे घरातल्या पाहुण्यांच्या खोलीसाठी. भाड्याने उतरायच्या जागेला लूककडे दुसरा शब्द आहे, 'पांदोखेयोन'. चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत तो येतो आणि तिथे मालकही आहे, दोन दीनार घेणारा. तेव्हा बेथलेहेमात बहुधा नातेवाइकांचं घर होतं, पाहुण्यांची खोली आधीच भरलेली होती, आणि बाळाला ठेवलं ते घरातल्याच गव्हाणीत. केनेथ बेली यांनी आयुष्याची अनेक वर्षं इजिप्त, लेबनॉन आणि जेरुसलेममध्ये शिकवण्यात घालवली. तिथल्या जुन्या घरांवरून त्यांनी हा अर्थ नेटाने मांडला. एकच मोठी खोली, माणसांचा भाग चौथऱ्यासारखा उंच, दाराजवळचा भाग खोलगट. रात्री जनावरं तिथे बांधायची. गव्हाण या दोहोंच्या मधल्या काठाला.

हे ऐकून काका उठूनच उभे राहिले. "हे तर आमचं जुनं घर! म्हशीचा श्वास ऐकत झोपलोय आम्ही." या वेळी ओळख कामी आली, हेही कबूल करायला हवं. पण पाळकसाहेबांना ते रुचलं नाही. जगाने ज्याला दार लावलं त्या येशूवर ते तीस वर्षं नाताळचा उपदेश करत आलेत. "मग आता मी काय सांगू? पाहुणे फार झाले होते?" ते रागाने म्हणाले होते, पण खोलीत खसखस पिकली. सर म्हणाले, "तसंही सांगता येईल. गर्दीच्या घरात जन्मला." नाटिकेतला मालक त्या वर्षीही राहिला, कारण फेटा शिवून झाला होता.

एव्हाना मला या खेळाची चटक लागली होती आणि मूळ संदर्भ म्हणून कोणी काहीही सांगितलं तरी मी वहीत उतरवून घेत होते. तेवढ्यात नेढं आलं. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं. मी हात वर करून सांगून टाकलं की जेरुसलेमला 'सुईचं नेढं' नावाचा एक बुटका दरवाजा होता, ओझं उतरवून गुडघे टेकल्याशिवाय उंटाला त्यातून जाता येत नसे. लहानपणापासून किमान चार उपदेशांत ऐकलं होतं. सरांनी खडू उचलला आणि माझा दरवाजा उजवीकडे लिहिला.

असा दरवाजा येशूच्या काळी असल्याचा काडीचा पुरावा नाही. ही कथा कित्येक शतकांनंतर व्याख्याकारांच्या लेखणीतून निघाली आणि टिकली, कारण सोयीची आहे. ओझं उतरवा, वाका, की श्रीमंतालाही आत जाता येतं. शिष्य मात्र ते वाक्य ऐकून हादरतात आणि विचारतात, मग तरणार तरी कोण? बुटक्या दरवाजाने कोण हादरेल? बाबेलच्या यहुदी पंडितांच्या तालमुदात सुईच्या नेढ्यातून जाणारा हत्ती येतो. अशक्य गोष्ट सांगायची ही त्यांची बोली. जिथे जो प्राणी मोठा, तो नेढ्यात घालायचा. कॉलेजातली मुलगी म्हणाली, "सर, राजगडच्या नेढ्यातून उंट आरामात जाईल." सर म्हणाले, "लिहून ठेवा, आणखी शंभर वर्षांनी कोणीतरी उपदेशात घालेल."

नकली संदर्भ ही संदर्भ नसण्यापेक्षा वाईट चीज आहे, कारण तो घेऊन बोलणारा अभ्यासू दिसतो. मी दिसत होते.

शेवटचा उतारा माझ्या घरातला निघाला. एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या उपासनेत आमच्याकडे वर्षाचं वचन म्हणून छोटी कार्डं वाटतात. माझा आतेभाऊ कुवेतला नोकरीला गेला त्या वर्षी त्याला यिर्मयाचं एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन निघालं: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, अशा आशयाचं. आत्याने ते प्लास्टिकमध्ये घालून त्याच्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवलं. नोकरी, व्हिसा, बढती, सगळं त्यात आलं.

सरांनी आधी एका शब्दावर बोट ठेवलं: 'तुमच्या'. मराठीत 'तुम्ही' आदरार्थीही असतं, म्हणून कार्ड हातात घेणाऱ्याला वाटतं, देव मला अहोजाहो करतोय. "देव एकट्याला कधी तुम्ही म्हणतो का? अब्राहामाला तू, मोशेला तू." हा 'तुम्ही' अनेकवचनी आहे. पत्र आहे ते. ख्रिस्तपूर्व 597 मध्ये जेरुसलेमहून धरून बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेलं. हनन्या नावाचा संदेष्टा आदल्याच अध्यायात सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल. यिर्मया लिहितो, घरं बांधा, मळे लावा, पोराबाळांची लग्नं करा, ज्या नगरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा; सत्तर वर्षं लागतील. ही सत्तर वर्षं दहाव्या वचनात आहेत. कार्डावर अकरावं छापतात.

आणि त्यांनी खरंच मळे लावले. बाबेलच्या मुलखात 'आल-याहुदू', म्हणजे यहूदाचं गाव, असं नाव असलेल्या वस्तीतल्या मातीच्या पाट्या सापडल्या आहेत. सगळ्यांत जुनी ख्रिस्तपूर्व 572 ची. त्यांत यहुदी नावांची माणसं जमीन कसतात, जव आणि खजूर देणं म्हणून भरतात, कर्जं काढतात. संकल्प, हित असं काही त्या पाट्यांवर नाही. हिशेब आहेत.

वर्ग सुटला तरी आत्या उठेना. तिने बोटांवर मोजलं. "सत्तर. म्हणजे ज्यांच्या हातात पत्र पडलं, ते परत आलेच नाहीत की."

"बहुतेक नाहीत, आक्का."

"आणि तरी म्हणे झाडं लावा."

सर फळा पुसत होते. डावी बाजू आधी पुसतात ते, उजवी पुढच्या गुरुवारपर्यंत ठेवतात. आत्याने फोन काढला, कुवेतमध्ये आता किती वाजले असतील ते मला विचारलं, आणि भाऊ फोनवर आल्या आल्या तिने पहिलं काय विचारलं तर त्याच्या खोलीला बाल्कनी आहे का.

"कशाला गं आई?"

"तुळस नाहीतर कढीपत्ता, काहीतरी लाव."