समजून घ्या : टीबी नाही, मग दम का लागतो? रक्तातल्या प्रतिपिंडांचा फुप्फुसाशी काय संबंध?

मेहकर : कोरडा खोकला महिनोन् महिने थांबत नाही. चढावर चार पावलं चाललं की धाप लागते. थुंकीच्या तपासणीत टीबी सापडत नाही, इन्हेलरनेही फरक पडत नाही. मग रुग्ण अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठतो. स्कॅनच्या अहवालात ‘आयएलडी’ लिहून येतं आणि रक्ताच्या अहवालात ‘एएनए पॉझिटिव्ह’. हे दोन कागद एकत्र वाचले, तरच उपचारांची दिशा ठरते.

आयएलडी म्हणजे नेमकं काय?

इंटरस्टिशियल लंग डिसीज हा एक आजार नाही. फुप्फुसातल्या हवेच्या फुग्यांभोवती जी नाजूक जाळी असते, तिला सूज येणं किंवा ती कडक होणं अशा अनेक आजारांचा हा गट आहे. जाळी जाड झाली की ऑक्सिजन रक्तात नीट उतरत नाही. स्टेथोस्कोप लावल्यावर पाठीच्या खालच्या भागात वेल्क्रोची पट्टी उघडल्यासारखा आवाज येतो. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीला फारसं दिसत नाही.

प्रतिपिंडे कुठून आली?

रोगप्रतिकारशक्ती जंतूंविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. कधी ती आपल्याच पेशींवर उलटते, तेव्हा तयार होतात ती ऑटोअँटिबॉडी. संधिवात, स्क्लेरोडर्मा, स्नायूंचा दाह अशा आजारांत त्या सापडतात. काहींमध्ये सांधे दुखण्याच्या आधी फुप्फुसच बिघडतं.

लक्षणं आहेत, प्रतिपिंडेही आहेत, पण कोणत्याही एका संधिवाताचे निकष पूर्ण होत नाहीत, अशा रुग्णांसाठी युरोप-अमेरिकेतल्या श्वसनतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१५ मध्ये ‘आयपॅफ’ ही संज्ञा आणली. तिचे तीन भाग आहेत : अंगावरची लक्षणं, रक्तातली प्रतिपिंडे, आणि स्कॅन किंवा तुकड्यातला नमुना. किमान दोन भागांतली खूण लागते. एएनए तर काही निरोगी माणसांतही कमी प्रमाणात सापडतं. म्हणून या वर्गीकरणात ते साधारण १:३२० किंवा त्याहून जास्त असेल तेव्हा मोजतात. नुसतं ‘पॉझिटिव्ह’ पुरत नाही.

स्कॅनमध्ये काय पाहतात?

यासाठी साधा सीटी नव्हे, एचआरसीटी लागतो. त्यात फुप्फुसाचे दीड मिलिमीटर किंवा त्याहून पातळ छेद घेतात. मुख्यतः दोन नमुने शोधले जातात.

• एनएसआयपी : काचेवर वाफ धरावी तशी धूसरता, दोन्ही बाजूंना, खालच्या भागात. कधी फुप्फुसाच्या कडेची पातळ पट्टी मात्र वाचलेली असते. स्क्लेरोडर्मात हा नमुना जास्त दिसतो.

• यूआयपी : कडेला मधमाशीच्या पोळ्यासारखी छिद्रं, ओढलेल्या श्वासनलिका. संधिवाताच्या रुग्णांत हा बऱ्याचदा आढळतो. कारण न कळणाऱ्या फायब्रोसिसमध्ये, म्हणजे ‘आयपीएफ’मध्येही हाच नमुना असतो. घोटाळा इथेच होतो.

तुकडा काढावाच लागतो का?

बहुतेकदा नाही. लक्षणं, प्रतिपिंडे आणि स्कॅन जुळले की बायोप्सी टाळतात, कारण दुबळ्या फुप्फुसाला ती झेपेलच असं नाही. काढलीच, तर सूक्ष्मदर्शकाखाली फरक कळतो. एनएसआयपीत बदल सगळीकडे सारख्याच वयाचे दिसतात. यूआयपीत जुना व्रण, नवा व्रण आणि निरोगी भाग शेजारी शेजारी असतात. लिम्फोसाइट पेशींचे पुंजके, त्यात जर्मिनल सेंटर दिसले, तर मूळ प्रतिकारशक्तीत असल्याचा संशय बळावतो.

एवढा कीस कशासाठी?

कारण औषध उलट पडू शकतं. प्रतिकारशक्तीमुळे झालेल्या आजारात स्टेरॉइड, मायकोफिनोलेट अशी औषधं उपयोगी पडतात. आयपीएफमध्ये मात्र स्टेरॉइड, अझाथायोप्रिन आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन ही तिन्ही एकत्र देण्याची अमेरिकेतली चाचणी मध्येच थांबवावी लागली. २०१२ मध्ये तिचे निष्कर्ष आले : औषधं घेणाऱ्या गटात ८ मृत्यू, नुसती प्लासेबो घेणाऱ्या गटात १. आयपीएफसाठी निंटेडॅनिब किंवा पिरफेनिडोन ही व्रण वाढण्याचा वेग कमी करणारी औषधं वापरतात.

कूलरकडेही लक्ष हवं

भारतातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी २०१२ ते २०१५ दरम्यान १,०८४ आयएलडी रुग्णांची नोंद केली. त्यात ४७.३ टक्के रुग्णांना श्वासातून गेलेल्या कणांच्या अ‍ॅलर्जीचा आजार होता आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांचा संबंध एअर कूलरशी होता. संधिवात गटातले रुग्ण १३.९ टक्के, आयपीएफचे १३.७ टक्के. विदर्भात उन्हाळाभर घरोघरी कूलर चालतो. त्यामुळे प्रतिपिंडे सापडली तरी कूलरच्या ताट्या आणि साचलेलं पाणी, कबुतरं, बुरशी धरलेला कडबा यांची चौकशी व्हायलाच हवी.

डॉक्टरांना काय सांगाल?

• थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात का?
• सकाळी सांधे तासभर आखडलेले राहतात का?
• बोटांच्या कडा मेकॅनिकसारख्या भेगाळल्या आहेत का?
• डोळे, तोंड सतत कोरडं पडतं का?

जुन्या स्कॅनच्या फिल्म आणि सीडी टाकून देऊ नका. आजार किती वेगाने वाढतोय, हे जुना आणि नवा स्कॅन शेजारी ठेवल्यावरच नीट कळतं. स्टेरॉइडची गोळी स्वतःहून सुरू करू नका आणि सुरू असेल तर अचानक बंदही करू नका. छातीरोगतज्ज्ञ, संधिवाततज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र बसून निदान करणं ही जगभर मान्य पद्धत आहे. मोठ्या रुग्णालयात गेल्यावर तशी सोय आहे का, हे आधीच विचारून घ्या.